पांगतीचे ससाणे : एका निर्णयाचा इतिहास

नागालँड राज्याच्या वोखा जिल्ह्यात पांगती नावाचे गाव आहे. लोथा नागा लोकांचे हे गाव डोंगरावर वसलेले असून खाली दोयांग नदीवरील धरणाचा जलाशय पसरलेला आहे. दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्यास, आपल्याकडे भातकापणीची लगबग चालू असते त्या सुमारास, या जलाशयाच्या परिसरात ससाण्यांचे थवे उतरू लागतात आणि बघता बघता त्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. २०१२ च्या शरद ऋतूत येथे हे पक्षी मासे धरण्याच्या जाळ्यांत हजारोंनी अडकवून मारले जात होते. २०१३ च्या शरद ऋतूत ही शिकार थांबलेली होती. इतका मोठा पालट एका वर्षात क्वचितच घडतो. आणि घडला की त्याच्या श्रेयाची वाटणी मोठ्या उत्साहाने सुरू होते. कोणी म्हणतो, छायाचित्रांनी जगाचे डोळे उघडले. कोणी म्हणतो, कायद्याचा बडगा उपयोगी पडला. कोणी धर्मगुरूंच्या प्रवचनांना मान देतो. यांतले कोणतेही विधान खोटे नाही. परंतु या निर्णयाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न या वाटणीत बहुधा मागे पडतो. आम्हांला या लेखात त्या किमतीविषयी लिहावयाचे आहे.

प्रथम पक्ष्याविषयी थोडे. ज्याला आपले पक्षी-अभ्यासक ‘अमूर ससाणा’ म्हणतात तो आकाराने पारव्याहूनही लहान. वजन अदमासे दीडशे ग्रॅम. नर राखाडी रंगाचा, पाय नारिंगी तांबडे. मादी खालून पांढुरकी, त्यावर काळसर ठिपके व पट्टे. रशिया आणि चीन यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या अमूर नदीवरून त्याला हे नाव मिळाले. सैबेरियाचा आग्नेय भाग, ईशान्य चीन, मंगोलिया या प्रदेशांत तो उन्हाळ्यात वीण करतो, तीही अनेकदा कावळा-मॅगपाय यांसारख्या पक्ष्यांनी टाकून दिलेल्या घरट्यांत. थंडीची चाहूल लागताच तो निघतो तो थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. जाऊन-येऊन हा प्रवास सुमारे बावीस हजार किलोमीटरांचा होतो. शिकारी पक्ष्यांत एवढी लांब वारी करणारे फार थोडे आहेत.

या वारीच्या मधल्या मुक्कामाला ईशान्य भारत लागतो. पाऊस सरल्यावर तेथील जमिनीतून पंख फुटलेली वाळवी लोटच्या लोट बाहेर पडते. पुढे ज्याला अरबी समुद्र एका झेपेत ओलांडायचा आहे त्या पक्ष्याला अंगावर चरबी साठवून घेण्यासाठी याहून सोयीचे अन्न नाही. दिवसभर ससाणे वाळवी व इतर किडे टिपीत आकाशात फिरतात आणि सूर्यास्ताला ठरावीक झाडांवर एकत्र येतात. पक्ष्यांच्या अशा रात्रीच्या मुक्कामाला मराठीत ‘रातथारा’ असा एक नेमका शब्द आहे. दोयांगच्या काठचा रातथारा हा जगातील या जातीच्या सर्वांत मोठ्या मेळ्यांपैकी एक मानला गेला.

आता गावाविषयी. नागा टेकड्यांत जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडच्याहून वेगळे आहे. १९६३ साली नागालँड हे स्वतंत्र राज्य झाले, त्याआधी घटनेत जे ३७१-अ हे कलम घालण्यात आले त्यानुसार नागांचे धार्मिक व सामाजिक आचार, त्यांचा रूढ कायदा, तसेच जमीन व तिच्यातील साधनसंपत्ती यांची मालकी यांबाबत संसदेचा कायदा राज्याच्या विधानसभेने ठराव केल्याखेरीज तेथे लागू होत नाही. जंगल बहुतांशी गावांचे, कुळांचे आणि कुटुंबांचे. सरकारी मालकीचे वन तेथे अल्प. त्यामुळे नागालँडात एखादे झाड तोडावे की ठेवावे, एखादा प्राणी मारावा की सोडावा, याचा खरा निवाडा गावपरिषदेत होतो. १९७८ च्या कायद्याने या परिषदांना राज्याचीही मान्यता आहे. शिकार तर तेथे जगण्याचाच भाग होती. डोंगरउतारावरची फिरती शेती, जंगलातली भाजी, नदीचे मासे आणि रानातले मांस यांवर पिढ्या वाढल्या. ज्याला आपण मासळीबाजारात जाणे म्हणतो, तेच त्यांना रानात जाणे होते. मांसाहारी नाग्यांना ‘निर्दय’ म्हणणाऱ्यांची लेखणी आम्ही वाचली आहे. ती वाचताना बोंबील-पापलेटावर वाढलेल्या आम्हां किनारपट्टीवाल्यांना संकोचच वाटला.

आणि असे नाही की नागांना बंधन घालून घेणे ठाऊक नव्हते. कोहिमाजवळचे खोनोमा हे अंगामी नागांचे गाव १८७९ च्या इंग्रजांविरुद्धच्या झुंजीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच गावाने १९९८ साली आपल्या जंगलाचा सुमारे वीस चौरस किलोमीटरांचा भाग ‘ट्रॅगोपान’ या देखण्या रानकोंबड्यासाठी राखून ठेवला आणि शिकार बंद केली. तत्पूर्वी काही वर्षे, १९९३ साली, शिकारीच्या एकाच आठवड्यात या पक्ष्यांपैकी तीनशेच्या आसपास मारले गेल्याचे सांगतात. तो आकडा पाहून गावातलीच जाणती माणसे हादरली. बाहेरून कोणी सांगायला आलेले नव्हते.

याउलट आसामातल्या हाफलांगजवळच्या जतिंगा गावाची गोष्ट. पावसाळा सरता सरता, चंद्र नसलेल्या धुक्याच्या रात्री, वारा विशिष्ट दिशेने वाहत असताना तेथे पक्षी दिव्यांच्या उजेडाकडे ओढले जातात आणि गोंधळून खाली उतरतात. गावकरी उंच बांबूंनी त्यांना पाडीत. पूर्वीपासून चालत आलेला हा प्रकार ई. पी. जी या निसर्गलेखकामुळे १९६० च्या आगेमागे जगाला कळला, डॉ. सालिम अली यांनीही त्यात लक्ष घातले. वर्तमानपत्रांनी मात्र त्याला ‘पक्ष्यांची आत्महत्या’ असे नाव देऊन टाकले आणि ते नाव आजही पुसले जात नाही. पक्षी आत्महत्या करीत नाहीत. ते वाट चुकतात, आणि वाट चुकलेल्याला माणूस मारतो. जतिंगाच्या बाबतीत जगाला गूढाचीच गोडी लागली. त्या गावच्या माणसांशी बोलण्याची गरज फार उशिरा वाटली. दोयांगच्या काठी हीच चूक पुन्हा घडण्याचा संभव होता.

दोयांग ही धनसिरीला आणि धनसिरीमार्फत ब्रह्मपुत्रेला मिळणारी नदी. तिच्यावर धरण बांधून २००० साली ७५ मेगावॅट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. खोऱ्यातली सपाट जमीन डोंगराळ मुलखात सोन्याच्या मोलाची असते. तीच पाण्याखाली गेली. पांगतीच्या अनेक कुटुंबांची शेते तिच्यात होती. मोबदल्याचा पैसा मिळो वा न मिळो, तो एकदा खर्च झाला की संपतो. शेत दरवर्षी पिकते. वसई-विरारच्या आमच्या वाचकांना हे वाक्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शेतकऱ्यांनी मग नवीन पाण्यात जाळी टाकायला आरंभ केला आणि शेतकऱ्यांचे गाव मच्छिमारांचे झाले.

याच पाण्यामुळे दोयांगवर ससाण्यांची गर्दी वाढली. अमूर ससाणे या टेकड्यांवरून पूर्वीही जात असत; पण विस्तीर्ण जलाशय, त्याच्या काठचे निर्जन उतार आणि वर उडणारे कीटक यांमुळे एवढा प्रचंड मेळा या एका जागी भरू लागला. ज्या धरणाने गावाची जमीन नेली त्याच धरणाने गावाच्या दारात पक्षी आणून सोडले. ज्यांची जमीन गेली त्यांच्या हातांत मासे धरण्याची जाळी होती, आणि ऑक्टोबरमध्ये आकाश ससाण्यांनी भरून जात होते. पुढे जे झाले ते या तीन गोष्टींची बेरीज आहे. प्रारंभी बेचकीने व बंदुकीने दहा-वीस पक्षी पडत. नंतर कोणाच्या तरी ध्यानात आले की झाडांच्या शेंड्यांदरम्यान जाळे उभे ताणले, तर संध्याकाळी रातथाऱ्यावर उतरणारे आणि पहाटे उडणारे ससाणे आपोआप त्यात अडकतात.

बायबलमधल्या ‘गणना’ या ग्रंथात लाव्यांची कथा आहे, तिची येथे आठवण होते. रानात मान्ना खाऊन कंटाळलेल्या लोकांच्या छावणीवर समुद्राकडून वारा लाव्यांचे थवे आणून टाकतो. लोक दिवसभर, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही ते गोळा करीत राहतात. आणि त्या जागेला हावेच्या थडग्यांचे नाव पडते. ही कथा प्रवचनात बहुधा हावेचा निषेध म्हणून सांगितली जाते. पण भुकेल्या माणसाला आकाशातून पडलेले अन्न ही देवाची देणगी वाटली, हेही त्या कथेतच आहे. जमीन बुडालेल्या गावाला शरदातले ते थवे देणगी वाटले असतील, तर त्यांना दोष देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. पक्षी विकून आलेल्या पैशांतून मुलांच्या शाळेची फी भरली जात होती. वर्षातून दोन-तीन आठवडे चालणारा तो एक हंगाम होता, जसा आपल्याकडे कोणाचा आंब्याचा असतो.

ऑक्टोबर २०१२ मध्ये बानो हरालू या नागा पत्रकार, ‘कन्झर्व्हेशन इंडिया’चे रामकी श्रीनिवासन, मराठी वाचकांना नावावरूनच आपले वाटावेत असे पक्षी-अभ्यासक शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू ही मंडळी दोयांगला पोहोचली. त्यांनी जे पाहिले ते त्यांनी चित्रित केले : काठाच्या झाडांत ताणलेली जाळी, त्यांत लटकलेले ससाणे, जिवंत पक्ष्यांनी गच्च भरलेले मच्छरदाणीच्या कापडाचे पिंजरे, पिसे काढून धुरावर धरलेल्या पक्ष्यांच्या रांगा, काठीला बांधून विक्रीस नेले जाणारे जुडगे. त्यांच्या अंदाजानुसार ऐन हंगामात दिवसाला बारा ते चौदा हजार आणि हंगामभरात सव्वा लाखाच्या आसपास, कदाचित एक लाख चाळीस हजारांपर्यंत, ससाणे मारले जात होते. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे; परंतु त्यातून निम्मे वजा केले तरी उरते ते भयंकरच आहे. जो पक्षी वर्षाला तीन-चार अंडी घालतो आणि ज्याच्या जगातील लोकसंख्येचा मोठा भाग एकाच काठावर उतरतो, त्या जातीचा अशाने काही वर्षांत निकाल लागला असता.

हे चित्रण प्रसिद्ध होताच गहजब झाला. तो स्वाभाविक होता आणि आवश्यकही होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रश्न हाती घेतला. केंद्र सरकारकडे तक्रारी गेल्या. भारत १९८३ पासून स्थलांतरी वन्यजीवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सभासद आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्याला संरक्षण होतेच. जिल्हा प्रशासनाने बंदीहुकूम काढला, जाळी जप्त झाली, पिंजऱ्यांतले पक्षी सोडून देण्यात आले. पण तोपर्यंत हंगाम सरत आला होता. जप्तीने त्या वर्षाचा शेवट झाला; पुढच्या वर्षाचा प्रश्न तसाच होता. ज्या मुलखात जमीन, झाड आणि पाणवठा गावाचा आहे, तेथे पोलीस किती रात्री किती झाडांखाली उभे करणार?

म्हणून २०१२ चा हिवाळा आणि २०१३ चा पावसाळा हा या कथेचा खरा गाभा आहे. त्या काळाचे छायाचित्र फारसे कोठे छापून आले नाही, कारण बैठकांत छायाचित्र घेण्याजोगे काही नसते. बानो हरालू आणि त्यांच्या न्यासाचे कार्यकर्ते पांगती, आशा आणि सुंग्रो या तीन गावांत जात-येत राहिले. गावपरिषदा बसल्या. जमीनमालक बसले. विद्यार्थी संघटना आणि महिलांचे गट बसले. शाळकरी मुलांसाठी निसर्गमंडळे निघाली आणि तेथे मुलांना प्रथम कळले की आपल्या आईने काल रांधलेला पक्षी मंगोलियाहून आला होता आणि आफ्रिकेला निघाला होता. ज्ञानाने माणूस सुधारतोच, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे घर आणि वाट ठाऊक झाली तो पाहुणा ठरतो, आणि नागा घरात पाहुण्याचा मान मोठा असतो.

या बैठकांत ख्रिस्तसभेचा वाटा होता. नागालँडमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातले अठ्ठ्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत. लोथांच्या मुलखात १८८५ मध्ये अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी विटर वोख्याला आले, तेव्हापासून हा समाज मुख्यत्वे बॅप्टिस्ट बांधवांचा. कॅथलिक मिशन त्या मानाने उशिरा आले. तेथे रविवारी गाव चर्चमध्ये असते आणि पास्टरचा शब्द परिषदेतही ऐकला जातो. पाखरांविषयी धर्मग्रंथात काही नाही असे कोणी म्हणू नये. जुन्या कराराच्या ‘अनुवाद’ या ग्रंथात घरटे सापडल्यास पिलांसह आईला धरू नये असा नियम आहे, आणि प्रभू येशूच्या बोलण्यात चिमण्यांचा बाजारभावच येतो. या वचनांवर शतकानुशतके भाष्ये झाली. परंतु त्यांचा अर्थ जाळे गुंडाळून ठेवण्यापर्यंत नेणारे गाव क्वचितच दिसते. हरित वसई संरक्षण समितीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना वेदीवरून व व्यासपीठावरून एकाच आवाजात बोलताना ऐकले आहे, त्यांना अशा वेळी धर्मगुरूची कसोटी कोठे लागते हे चांगले ठाऊक आहे. श्रद्धाळूंच्या पोटापाण्याविरुद्ध जाणारे वचन वाचणे सोपे नसते.

अखेर तिन्ही गावांनी शिकारबंदीचा ठराव केला आणि मोडणाऱ्याला दंड ठरवला. हा ठराव दिल्लीने किंवा कोहिमाने लादलेला नव्हता. ज्यांचे उत्पन्न जाणार होते त्यांनीच तो केला. रातथाऱ्याच्या जमिनीच्या मालकांनी पुढे आपला संघ स्थापन केला आणि काल जाळे ताणणारी तरुण मुले झाडांखाली पहारा करू लागली. त्या ऑक्टोबरमध्ये ससाणे आले, वाळवी खाऊन जाड झाले आणि गेले.

याच जातीची एक जुनी कथा येथे तुलनेसाठी सांगावीशी वाटते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यात किटाटिनी नावाच्या डोंगररांगेवरून दर शरदात ससाणे, शिक्रे आणि गरुड दक्षिणेकडे जातात. तेथे आसपासचे लोक शनिवार-रविवारी बंदुका घेऊन चढत आणि निव्वळ करमणुकीखातर त्यांना शेकड्यांनी पाडीत. एका जातीच्या ससाण्यावर तर १९२९ पासून सरकारी इनाम होते. १९३२ मध्ये रिचर्ड पाउ याने मेलेल्या पक्ष्यांची रांग मांडून छायाचित्र घेतले. ते पाहून रोझली एज या बाईंनी १९३४ साली सुमारे चौदाशे एकर डोंगर भाडेपट्ट्याने घेतला, पुढे तो विकत घेतला, आणि मॉरिस ब्राउन व त्याची पत्नी इर्मा यांना राखणदार म्हणून बसवले. तेच ‘हॉक माउंटन’. ब्राउनने पहिल्याच शरदात रोज जाणारे पक्षी मोजायला सुरुवात केली. त्या मोजणीतून गरुडांच्या पिलांची संख्या घटल्याचे उघड झाले आणि रेचल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या कीटकनाशकांवरील ग्रंथात तो पुरावा वापरला. शरदातल्या पक्षिनिरीक्षणाला एवढे गांभीर्य त्या एका डोंगराने मिळवून दिले.

दोन्ही कथांच्या मुळाशी मेलेल्या पक्ष्यांचे छायाचित्र आहे. पण पुढे वाटा फुटतात. एज बाईंनी डोंगर खरेदी केला आणि बंदूकवाल्यांना फाटकाबाहेर काढले. त्यांचे धैर्य मोठे होते. परंतु त्यांनी गमावले पैसे, आणि बंदूकवाल्यांनी गमावली करमणूक. दोयांगला विकत घेण्याजोगे काही नव्हते आणि फाटकही नव्हते. मारणारे आणि राखणारे तेच लोक होते, आणि त्यांनी जे सोडले ती करमणूक नव्हती.

नोव्हेंबर २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅम वजनाची उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बांधली. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हंगेरीतून आलेले तज्ज्ञ यांचा हा संयुक्त प्रयोग होता. पक्ष्यांची नावे ठेवली गेली ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’. नकाशावर जिचे नाव शोधावे लागे ती पांगती आता अरबी समुद्रावरून उडत असल्याचे संगणकावर दिसू लागले. ‘नागा’ या नराने पाच दिवस दहा तासांत ५,६०० किलोमीटर अंतर न थांबता कापले. एवढ्या मोठ्या समुद्रावर हा चिमुकला पक्षी काय खात असेल? मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असे मत मांडले होते की ‘चतुर’ नावाचे आपल्या ओळखीचे कीटकही याच ऋतूत लाखोंनी भारतातून समुद्रापार आफ्रिकेकडे जातात आणि ससाणे त्यांच्या सोबतीने, त्यांना खात खात जातात. ही उपपत्ती आम्हांला विलक्षण मोहक वाटते.

त्यानंतर बरेच काही झाले. पांगतीला पर्यटक येऊ लागले, काही घरांत त्यांची राहण्याची सोय झाली. सेसिनो योशू यांच्या ‘द पांगती स्टोरी’ या अनुबोधपटाला सर्वोत्तम पर्यावरणपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. लाँगलेंग जिल्ह्यात फोम नागांच्या याओंगयिमचेन आणि शेजारच्या गावांनी आपली जंगले राखीव केली. या कामात अग्रेसर असलेले य. नुक्लू फोम हे स्वतः पास्टर आहेत आणि त्यांना २०२१ मध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला. मणिपूरच्या तामेंगलाँगमध्येही गावे पुढे आली, पण तेथे २०१८ साली यंत्र बांधून सोडलेला ‘मणिपूर’ नावाचा ससाणा थोड्याच दिवसांत मारला गेलेला सापडला. तेव्हा हे काम एकदा ठराव करून संपणारे नाही. प्रत्येक शरदात ते नव्याने करावे लागते, आणि नवी पिढी दरवेळी विचारते की आम्हांला यातून काय मिळणार.

हा प्रश्न आम्हांला उद्धट वाटत नाही. पर्यटकांचा हंगामही पक्ष्यांच्या हंगामाएवढाच, म्हणजे महिन्याभराचा. पाहुण्यांची खोली ज्याच्याकडे आहे त्याला पैसा मिळतो. ज्याच्याकडे फक्त जाळे होते त्याचे काय? शिवाय ससाणे काही कोणाशी करार करून येत नाहीत. पाऊस लांबला, वाळवी कमी निघाली, की ते दुसऱ्या खोऱ्यात उतरतात. मणिपूर, मेघालय आणि आसामच्या डोंगरांतही त्यांचे रातथारे आहेत. मग पर्यटकही तिकडे जातो. ‘ससाण्यांची राजधानी’ हे बिरुद देणे सोपे आहे. ज्यांनी खरेदीदाराकडे पाठ फिरवली त्यांना वर्षाचे उरलेले अकरा महिने जगता यावे, असे काही देणे अधिक अवघड आहे आणि ते अजून पुरतेपणी कोणी दिलेले नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत असे बजावले, तेव्हा पांगतीच्या ठरावाला दोन वर्षे उलटून गेली होती. त्या परिपत्रकाचा अभ्यास आपल्या धर्मग्रामांत मोठ्या प्रमाणावर झाला. त्यात दोयांगचे उदाहरण घेतले असते, तर गरिबांनी पृथ्वीसाठी काय सोडले हेही कळले असते.

लोथांचा ‘तोखू एमोंग’ हा सुगीनंतरचा सण ७ नोव्हेंबरला असतो. त्या सणात वर्षभराचे रुसवेफुगवे मिटवून क्षमा मागण्याची आणि देण्याची रीत आहे. नेमक्या त्याच दिवसांत जलाशयावर ससाण्यांची गर्दी असते. सण सरतो आणि थोड्याच दिवसांत झाडे रिकामी होतात.

तेथून निघालेले काही थवे आपल्या माथ्यावरून जातात. द्वीपकल्प ओलांडून समुद्रावर झेप घेण्यापूर्वी त्यांना लागणारी अखेरची जमीन म्हणजे आपला पश्चिम किनारा आणि त्यालगतचा सह्याद्री. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि डिसेंबरमध्ये लोणावळ्याच्या पठारांवर, गवत पिवळे पडलेले असते आणि वर चतुर तरंगत असतात तेव्हा, ते पक्षिनिरीक्षकांना दिसतात. पाहावयाचे असल्यास दुपार कलताना उघड्या माळावर उभे राहावे. थव्याने उडणारे, लांब टोकदार पंखांचे, हवेतच पायाने कीटक धरून उडता उडता खाणारे लहान ससाणे दिसले तर नराच्या पंखांखालची बाजू बघावी. ती पांढरीशुभ्र असते, आणि अंग व पंखांची टोके गडद राखाडी. लांबूनही ही खूण चुकत नाही.